पोचपावतीचा इतिहास: जीपीओपासून वेब अ‍ॅपपर्यंत

वेब अ‍ॅप्लिकेशनमधून ईमेल कशी जाते, हा आपला आजचा विषय. पण आम्ही सुरुवात करणार आहोत बोरीबंदरच्या जीपीओपासून. जॉन बेग यांनी आराखडा केलेली ही इमारत १९१३ मध्ये पूर्ण झाली. तिच्या बाहेर, कबुतरखान्याजवळ, पत्रलेखक बसायचे. समोरचा माणूस सांगायचा आणि ते लिहायचे. मायना ठरलेला, शेवटही ठरलेला. मधे फक्त नाव, रक्कम आणि घरची बातमी बदलायची. आज प्रोग्रामर ज्याला ‘टेम्प्लेट’ म्हणतात, ते हेच.

आता गिरणगावात येऊ. आपल्याकडे पोस्टाची मनीऑर्डर १८८० मध्ये सुरू झाली. लालबाग-परळचा गिरणी कामगार पगार झाला की रत्नागिरीला, साताऱ्याला पैसे पाठवायचा. फॉर्मवर पत्ता आणि रक्कम, निरोपाला चार ओळींची जागा, आणि एक पोच. खिडकीवर पैसे भरले की लगेच पावती मिळे. पण ती एवढंच सांगायची की पोस्टानं पैसे घेतले. गावी आईनं सही केलेली किंवा अंगठा उठवलेली पोच परत यायची, तेव्हा कुठे चाळीतल्या माणसाचा जीव भांड्यात पडायचा. पावती वेगळी, पोच वेगळी. हा फरक आपण लक्षात ठेवू.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. पगार थांबला, तशी मनीऑर्डरही थांबली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, तिकडे कॅलिफोर्नियात, जॉन पोस्टेल यांनी ईमेल पोहोचवण्याचे नियम लिहिले: एसएमटीपी. दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. पण नियम पाहा. पाठवणारं यंत्र आधी ‘हॅलो’ म्हणतं, मग पाठवणाऱ्याचा पत्ता देतं, मग घेणाऱ्याचा, आणि शेवटी मजकूर. समोरून २५० हा आकडा आला, तर अर्थ असा: जबाबदारी आता माझी, पोहोचवीन, नाहीतर परत कळवीन. ५५० आला, तर साधारणपणे तसा पत्ताच नाही. म्हणजे २५० ही खिडकीवरची पावती झाली. अंगठ्याची पोच या नियमांत नाहीच.

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. पुढे रेल्स आलं २००४ मध्ये, जँगो २००५ मध्ये, लाराव्हेल २०११ मध्ये. या फ्रेमवर्कांनी पत्रलेखकाचं काम उचललं: टेम्प्लेट भरायचं, पत्ता घालायचा, खिडकीवर द्यायचं. प्रोग्रामर लिहितो एक ओळ. वापरणारा ताटकळू नये म्हणून मेल रांगेत ठेवण्याची सोयही असते; मागे दुसरा प्रोग्राम सवडीनं ती पाठवतो.

गोम इथेच आहे. ती एक ओळ विनातक्रार चालली, की पडद्यावर येतं ‘मेल पाठवली’. खरं तर ती नुसती रांगेत लागलेली असू शकते. समजा, गिरणी कामगाराच्या वारसाला घरासाठी कागदपत्रं आणायची मुदत कळवायची आहे. नातवानं अर्जात पत्त्याचं एक अक्षर चुकवलं. मेल परत आली, पण कोणी न उघडणाऱ्या ‘नो-रिप्लाय’ पेटीत. मुदत गेली. नोंदीत मात्र ‘पाठवली’.

म्हणून आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो, तीन नोंदी वेगळ्या ठेवा: रांगेत आहे, समोरच्या यंत्रानं घेतली, परत आली. परत आलेल्या मेल वाचणारं कोणीतरी असू द्या. आणि घेतलेली मेलसुद्धा स्पॅममध्ये पडू शकते. तेव्हा कुणाचं घर मुदतीवर अवलंबून असेल, तर उत्तर येईपर्यंत फोन करा, टपालानं पत्र धाडा.

पोस्टाची खिडकी कधी म्हणाली नाही, की पैसे आईला मिळाले. आपल्या अ‍ॅपनंही तसं म्हणू नये.