छावणीतील ऋणांची वही

कृतज्ञता हा सुखवस्तू माणसाचा सद्गुण आहे, असे आपण सहज समजतो. पोट भरले, घर नांदते राहिले, की आभार मानावयास कोणाची हरकत असणार? परंतु इतिहास या समजुतीस दुजोरा देत नाही.

इ. स. १६१ मध्ये मार्कस ऑरीलियस रोमचा सम्राट झाला. थोड्याच वर्षांत पार्थियन युद्धावरून परतणाऱ्या सैन्याबरोबर महामारी साम्राज्यात शिरली. उत्तरेस डॅन्यूब नदीच्या सरहद्दीवर मार्कोमानी आणि क्वादी चालून आले. १६९ मध्ये सहसम्राट लूशियस व्हेरस निवर्तला. मार्कसची कितीतरी अपत्ये बालपणीच गेली. अशा काळात, मोहिमेच्या धामधुमीत, त्याने केवळ स्वतःसाठी ग्रीक भाषेत टिपणे लिहिली. त्यांचे बारा भाग आज उपलब्ध आहेत.

त्यांतील पहिला भाग म्हणजे निव्वळ ऋणांची यादी होय. नोंदी सतरा. आजोबांकडून काय मिळाले, आईकडून काय मिळाले, दत्तक पिता अँटोनायनस पायस याच्यापासून काय शिकलो, हे तो एकेका व्यक्तीच्या नावापुढे मांडतो. रस्टिकस या गुरूने एपिक्टीटसची प्रवचने वाचावयास दिली, हेही तो विसरत नाही. एपिक्टीटस हा पूर्वाश्रमीचा गुलाम. त्याचे ऋण सम्राटाच्या वहीत आले! शेवटची नोंद देवांची.

या यादीत महामारीचे आभार नाहीत, की युद्धाचे नाहीत. संकटाला गोड म्हणण्याचा खोटेपणा येथे नाही. उलट, दुसऱ्या भागाच्या आरंभीच तो स्वतःला बजावतो की, आज कृतघ्न आणि उद्धट माणसे भेटतील, याची पहाटेच तयारी ठेव. म्हणजे कृतज्ञता ही आपण बाळगावयाची. तिची वसुली इतरांकडून करावयाची नाही.

मार्कस निर्दोष नव्हता. त्याच्याच कारकिर्दीत, १७७ मध्ये, लियाँ येथे ख्रिस्ती लोकांचा अमानुष छळ झाला. आपल्या ऋणकोपणाची जाणीव असलेला माणूसही न्यायात उणा पडू शकतो, हे ध्यानात ठेवले पाहिजे. कृतज्ञता ही न्यायाची जागा घेऊ शकत नाही.

तरीही १८० मध्ये सरहद्दीवरच मरण येईपर्यंत हा माणूस कर्तव्यापासून ढळला नाही. बिकट दिवसांत आपण काय गमावले याचा हिशेब आपोआप होतो. काय मिळाले याचा मात्र मुद्दाम, नावानिशी आणि रोजच्या रोज मांडावा लागतो.