छपराची अट

१८८७ च्या मार्च महिन्यात मुंबईच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंना एक हुकूम दिला : महिन्याभरात नवऱ्याच्या घरी नांदायला जावे, अन्यथा सहा महिने तुरुंगात राहावे. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. अकराव्या वर्षी न कळता झालेले लग्न त्यांना मान्य नव्हते, आणि दादाजी भिकाजींच्या घरात त्यांनी कधी पाऊलही ठेवले नव्हते. पुढच्या वर्षी दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, बाई इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या; तो भाग सर्वांना ठाऊक आहे. मला या खटल्यात खिळवून ठेवते ती वेगळी गोष्ट. नवऱ्याच्या घरात बाईने गेलेच पाहिजे, असे सांगण्याचे सामर्थ्य त्या काळच्या कायद्यात होते. गेल्यावर तिला तेथे राहू दिलेच पाहिजे, कोणी हाताला धरून बाहेर काढता कामा नये, हे मात्र त्या कायद्याला स्पष्ट शब्दांत सांगता येत नव्हते. ते स्पष्टपणे लिहिले जायला २००५ साल उजाडले.

मधल्या सव्वाशे वर्षांत बाहेर काढलेल्या, किंवा स्वतःहून बाहेर पडलेल्या, बायकांनी राहायचे कोठे, हा प्रश्न महाराष्ट्रात संस्थांनी सोडवला. आपण हा इतिहास बहुधा स्त्रीशिक्षणाचा इतिहास म्हणून वाचतो. तो तसा आहेच. पण त्याच्या तळाशी निवाऱ्याचा प्रश्न आहे. पाटी-पेन्सिल हाती येण्याआधी रात्र काढायला जागा लागते.

त्यातली पहिली जागा म्हणजे जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांचे घर. पुण्यात काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाचे काम करीत असे. एका शास्त्र्यापासून तिला दिवस गेले. तो नामानिराळा राहिला, तिने जन्मलेले मूल मारून विहिरीत टाकले आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. फुले दांपत्याने १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते या घटनेनंतर. विधवांनी येथे येऊन गुप्तपणे आणि सुरक्षितपणे बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, अशा आशयाची पत्रके शहरात लावली गेली. मलबारींच्या टिपणांवर सरकारला अभिप्राय कळवताना, १८८४ च्या डिसेंबरात, जोतीरावांनी या घराचा हिशेब दिला आहे : तोवर पस्तीस बायका येऊन गेल्या होत्या. कष्टकरी जातींत पाट लावण्याची रूढी होती. सक्तीचे वैधव्य हे मुख्यतः उच्चवर्णीयांचे दुखणे होते. म्हणजे ज्या समाजाने माळ्याच्या या जोडप्याला हरतऱ्हेने छळले, त्याच समाजाच्या लेकींची बाळंतपणे सावित्रीबाई करीत होत्या. अशाच एका विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला.

पंढरपुरात १८७५ मध्ये लालशंकर उमियाशंकर यांनी असेच गृह उभे केले. तीर्थक्षेत्री विधवा का पाठवल्या जात, हे त्या काळी कोणाला समजावून सांगावे लागत नव्हते.

या पहिल्या छपरांची अट होती गुप्ततेची. बाईने यावे, मोकळे व्हावे, आणि काही घडलेच नाही अशा रीतीने जुन्या घरी परतावे. परतण्यासारखे घर ज्यांना उरलेच नव्हते, त्यांच्यासाठी दीर्घ मुक्कामाची सोय केली पंडिता रमाबाईंनी. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. त्यातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. शारदा सदन १८९० अखेर पुण्याला आले, गोदूबाईही आल्या, आणि ११ मार्च १८९३ रोजी, म्हणजे बरोबर त्याच तारखेला, त्यांचा धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह झाला. (मुरूडकरांनी यावर कर्व्यांना वाळीत टाकले.)

शारदा सदनाचा पैसा अमेरिकेतून, बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनकडून येई. धर्माच्या बाबतीत सदन तटस्थ राहील अशी हमी होती. रमाबाईंचे म्हणणे असे की आपण कोणावर सक्ती करीत नाही, पण आपली प्रार्थना चालू असताना दार लावूनही घेणार नाही. मुलींना आत यावेसे वाटले तर त्यांनी यावे. 'केसरी'ने झोड उठवली, १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. या वादात कोण बरोबर, यावर आपल्याकडे शंभर वर्षे शाई खर्च झाली आहे. मला रमाबाईंची बाजू पूर्णपणे निर्दोष वाटत नाही. ज्या मुलीला जायला दुसरी जागा नाही, तिच्यासमोर उघडे ठेवलेले दार हे तितकेसे मोकळे दार नसते. पण झोड उठवणाऱ्यांपैकी किती जणांनी एखाद्या विधवेला आपल्या घरची खोली दिली होती, हाही प्रश्न विचारायलाच हवा. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात फिरून निराधार मुली गोळा करून केडगावला घेऊन आल्या. मुक्तिसदन त्यातून वाढले. मुलींना आणताना त्यांनी जात विचारली नाही.

कर्व्यांनी शारदा सदनाच्या वादातून धडा घेतला. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन झाली, १९०० मध्ये हिंगण्याच्या माळावर झोपडी उभी राहिली, आणि अण्णा पुण्याहून रोज पायी जाऊ-येऊ लागले. लोकांना आश्रम आपला वाटावा म्हणून त्यांनी पुनर्विवाहाची चळवळ आश्रमाच्या कुंपणाबाहेर ठेवली. ज्या माणसाने विधवेशी लग्न करून बहिष्कार सोसला, त्याने संस्था चालवताना तो विषय बाजूला ठेवावा, यात केवढी घुसमट असेल! इथली अट सोज्वळपणाची होती. तीही फार काळ मुख्यतः ब्राह्मण मुलींपुरती. आश्रमासाठी गावोगाव फिरून वर्गणी मागणाऱ्या पार्वतीबाई आठवले यांची 'माझी कहाणी' आणि गोदूबाईंचे, म्हणजे आनंदीबाई कर्व्यांचे, 'माझे पुराण' ही दोन आत्मकथने शेजारी ठेवून वाचावीत. एकीला आश्रमाने घर दिले; दुसरी, आश्रमाच्या संस्थापकाची पत्नी असूनही, पुनर्विवाहामुळे त्या घराच्या काठावर राहिली.

स्वातंत्र्याच्या तोंडावर कायदे आले. १९४६ मध्ये मुंबई प्रांताने हिंदूंतील द्विभार्या विवाहाला बंदी केली. त्याच वर्षी हिंदू विवाहितेला वेगळे राहण्याचा आणि पोटगीचा हक्क देणारा केंद्रीय कायदा झाला. म्हणजे हक्क मिळाला तो वेगळे होण्याचा! घर नवऱ्याचेच. पुढे सरकारी महिला वसतिगृहे, सुधारगृहे उभी राहिली आणि आश्रमाची जागा अधीक्षिकेने, हजेरीपटाने आणि कुलुपाने घेतली. शांता निसळ यांच्या कादंबरीवरून जब्बार पटेलांनी १९८२ मध्ये 'उंबरठा' काढला. चित्रपट सर्वांना आठवतो, पण मूळ कादंबरीचे नाव 'बेघर' होते, हे मात्र विस्मरणात जाते. सुधारगृह चालवणारी सुलभा महाजनच अखेर स्वतःच्या घरात उपरी ठरते.

याच सुमारास वारे फिरले. गडचिरोलीकडील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पोलिसांना निर्दोष सोडले. त्या निकालाविरुद्ध १९८० मध्ये मुंबईत फोरम अगेन्स्ट रेप उभा राहिला. कार्यकर्त्या बलात्काराच्या प्रश्नावर एकत्र आल्या. त्यांच्याकडे येऊ लागल्या त्या घरात मार खाणाऱ्या बायका. १९८२ च्या जूनमध्ये पुण्यात मंजुश्री सारडा हिचा लग्नानंतर चार महिन्यांत मृत्यू झाला. तिच्या मनाची अवस्था सांगणारी पत्रे न्यायालयात वाचली गेली. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पतीला पुराव्याअभावी दोषमुक्त केले. मृत्यूनंतर विद्या बाळ आणि त्यांच्या सहकारी 'मी एक मंजुश्री' हे प्रदर्शन घेऊन हिंडल्या. प्रदर्शन पाहायला आलेल्या बायका स्वतःविषयी बोलू लागल्या, आणि नारी समता मंचाचे 'बोलते व्हा' केंद्र त्यातून सुरू झाले. नाव किती नेमके आहे पाहा : पुण्यातल्या पहिल्या छपराची अट गप्प राहण्याची होती. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयातच महिलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. तक्रार नोंदवायला आलेल्या बाईशेजारी समाजकार्यकर्ती बसू लागली.

ग्रामीण भागात प्रश्न सातबाऱ्यापाशी येऊन थांबत होता. परित्यक्तांच्या चळवळीने स्वतःच्या नावाचे रेशनकार्ड मागितले, कारण त्या कार्डाशिवाय सरकारदरबारी बाईचे वेगळे कुटुंब अस्तित्वातच नव्हते. शेतकरी संघटनेने १९८६ च्या चांदवड अधिवेशनानंतर लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला : ज्या गावात शंभर शेतकरी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करतील ते गाव लक्ष्मीमुक्त. शरद जोशींच्या इतर भूमिकांविषयी मतभेद असू शकतात, पण बाईला आश्रमात नेण्याऐवजी बाई जिथे आहे तिथली मालकी बदलण्याचा हा विचार मला त्यांच्या कामातला सर्वांत मूलगामी वाटतो.

२००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा २६ ऑक्टोबर २००६ रोजी अमलात आला. त्याच्या कलम १७ ने सांगितले की सामायिक घरात राहण्याचा बाईला हक्क आहे, मग घराच्या कागदावर तिचे नाव असो वा नसो. कलम १९ नुसार न्यायालय मारणाऱ्यालाच घराबाहेर जायला सांगू शकते. रखमाबाईंच्या खटल्यानंतर जवळजवळ एकशेवीस वर्षांनी कायद्याने दाराची दिशा बदलली. मात्र दोन महिनेही झाले नाहीत तोच, डिसेंबर २००६ मध्ये, बत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सामायिक घराचा अर्थ आखडला : घर सासूच्या मालकीचे असेल तर सुनेला हा हक्क नाही. आपल्याकडची बहुतेक घरे कोणाच्या नावावर असतात, हे पाहता अनेकींच्या हाती कलम उरले आणि घर गेले. सतीशचंद्र आहुजा खटल्यात १५ ऑक्टोबर २०२० रोजी हा अर्थ रद्द ठरला; २०२२ मध्ये प्रभा त्यागी खटल्यात न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितले की बाई त्या घरात प्रत्यक्ष राहत नसली तरी तिचा हक्क उरतो.

हक्क मालकीचा नाही, राहण्याचा आहे. आणि सासू-सासरे वृद्ध असतील तर न्यायालयाला त्यांचाही विचार करावा लागतो. कायद्याप्रमाणे अर्जाची पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांत लागावी आणि निकाल साठ दिवसांत द्यावा, असा प्रयत्न अपेक्षित आहे. मारहाण झालेल्या रात्रीपासून त्या तारखेपर्यंत तिने कोठे राहावे, याचे उत्तर कलम ६ मध्ये आहे. तेथे आश्रयगृह हा शब्द आहे, आणि मागणी आल्यास आश्रयगृहाच्या चालकाने तिला आत घ्यावे, असे लिहिले आहे.