तळटीप १४ : मॅथ्यूजच्या ‘त्या दोन तबकड्या’

१४. इयन मॅथ्यूज (जन्म १९४६, लिंकनशर, इंग्लंड). फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या फोक-रॉक वाद्यवृंदाचा सुरुवातीच्या काळातला गायक. पुढे त्याने मॅथ्यूज सदर्न कम्फर्ट काढला. जोनी मिचेलच्या ‘वुडस्टॉक’ गाण्याची त्यांची आवृत्ती १९७०मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली आणि तो लगेचच त्यातून बाहेर पडला. ‘त्या दोन तबकड्या’ म्हणजे त्यानंतर व्हर्टिगो कंपनीने काढलेले एकल अल्बम : ‘इफ यू सॉ थ्रू माय आइज’ (१९७१) आणि ‘टायगर्स विल सर्व्हाइव्ह’ (१९७२). पहिल्यात फेअरपोर्टमधले जुने सोबती, सँडी डेनी आणि रिचर्ड थॉम्पसन, आहेत. शीर्षकगीतात डेनीचा स्वर मॅथ्यूजच्या हळुवार आवाजाला अगदी लगटून चालतो. ते ऐकल्याशिवाय लेखकाचा इथला जिव्हाळा पुरता कळायचा नाही.

याच परिच्छेदात पुढे येणारा ‘कंट्रीकडे वळलेला मॅथ्यूज’ हा ‘व्हॅली हाय’चा (१९७३). ही तबकडी अमेरिकेत, मंकीज फेम मायकेल नेस्मिथच्या निर्मितीखाली झाली. तीतल्या ‘सेव्हन ब्रिजेस रोड’ची (मूळ गीतकार स्टीव्ह यंग) एकावर एक स्वर रचलेली मांडणी मुद्दाम ऐकावी : ईगल्सने १९८०मध्ये गाजवलेली आवृत्ती तिच्याशी फार मिळतीजुळती आहे, आणि श्रेय मात्र मॅथ्यूज-नेस्मिथ यांच्या वाट्याला फारसे आले नाही. अमेरिकेत त्याचे नाव झाले ते ‘स्टीलिन होम’मधल्या (१९७८) ‘शेक इट’ने, त्या गाण्याचा वळसा मात्र सरळसरळ पॉपचा आहे.