कळ, बोळा आणि उशिरा आलेली उत्तरे

मासिक पाळीविषयी मुलींच्या मनातील प्रश्न पिढ्यानपिढ्या फारसे बदललेले नाहीत. इतके का दुखते? टॅम्पॉन वापरल्याने कौमार्य जाते का? तो आत हरवला तर? या प्रश्नांची उत्तरे आज कोणत्याही डॉक्टरकडे मिळतात. ती मिळावयास इतका वेळ का लागला, एवढेच आम्हांस येथे पाहावयाचे आहे.

प्रथम वेदना. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पाश्चात्त्य वैद्यकात हे दुखणे मनाच्या खाती जमा करण्याची प्रवृत्ती प्रबळ होती. मुलगी हळवी आहे, तिला स्त्रीपण नकोसे आहे, अशी कारणे गंभीरपणे दिली जात. 1957 साली इंग्लंडातील शेफिल्ड येथे व्हर्नन पिकल्स यांना पाळीच्या स्रावातच स्नायू आकुंचित करणारे द्रव्य आढळले. ते प्रोस्टाग्लँडिन होते. त्याच्या प्रभावाने गर्भाशय आवळले जाते, तेथील रक्तपुरवठा क्षणकाल आखडतो आणि कळ येते. नावाचा इतिहासही पाहण्याजोगा आहे. 1930 च्या दशकात स्वीडनचे उल्फ फॉन ऑयलर यांना हे द्रव्य वीर्यात सापडले, ते प्रोस्टेट ग्रंथीतून येते असे वाटले आणि तेच नाव पडले. स्त्रीच्या वेदनेचे कारण अशा रीतीने पुरुषाच्या ग्रंथीचे नाव मिरवीत आहे!

मराठीने मात्र या बाबतीत घोळ घातला नव्हता. पाळीत येते तीही कळ आणि बाळंतपणात येतात त्याही कळाच. दोन्हींत गर्भाशयाचे आकुंचन हेच मूळ, आणि प्रोस्टाग्लँडिनचा हातही दोन्हींत. ज्या भाषेने ‘विटाळ’ हा शब्द बाईच्या माथी मारला, तिनेच हा नेमका शब्दही जपला, हे आम्हांस विशेष वाटते. 1971 साली जॉन व्हेन यांनी ॲस्पिरिन हे प्रोस्टाग्लँडिनची निर्मितीच रोखते असे दाखविले. आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड ही औषधेही त्याच मार्गाने काम करतात. म्हणूनच गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने, दुखणे असह्य होण्याची वाट न पाहता घ्यावी असे सांगतात. तरीही न थांबणारे किंवा वर्षागणिक वाढणारे दुखणे तपासून घ्यावे लागते. त्यामागे एंडोमेट्रिओसिससारखा विकार असू शकतो.

टॅम्पॉन या शब्दास मराठी प्रतिशब्द रुळलेला नाही. मूळ फ्रेंच अर्थ बूच किंवा बोळा. अमेरिकेतील डेन्व्हरचे डॉक्टर अर्ल हास यांना 1933 साली त्याचे पेटंट मिळाले. एकात एक सरकणाऱ्या पुठ्ठ्याच्या दोन नळ्या ही त्यांची खरी कल्पना; बोट न लावता बोळा आत बसावा, हा हेतू. स्पर्शाचा संकोच यंत्ररचनेतच बसविलेला होता म्हणावयाचा. तरी वाद पेटला तो कुमारिकांवरून. योनिपटल हे बंद दार नव्हे, त्यास छिद्र असते आणि पाळीचा स्राव त्यातूनच बाहेर येतो, हे साधे शरीरशास्त्र सांगावयासही डॉक्टरांना लेख लिहावे लागले. कौमार्याचा टॅम्पॉनशी काही संबंध नाही. तो हरवतही नाही, कारण गर्भाशयमुखाचे छिद्र त्याला जाऊ देण्याइतके मोठे नसते.

चारित्र्याची चौकशी अशी दशकानुदशके चालली; बोळ्यात काय भरले आहे, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही. 1970 च्या दशकात कंपन्यांत अधिकाधिक शोषून घेण्याची चढाओढ लागली. 1978 साली, पुन्हा डेन्व्हरमध्येच, जेम्स टॉड यांनी सात मुलांच्या आजारावरून ‘टॉक्सिक शॉक सिंड्रोम’ हे नाव दिले. त्यात टॅम्पॉनचा विषयच नव्हता. दोष स्टॅफिलोकॉकस जंतूच्या विषाचा होता. 1980 साली अमेरिकेत पाळीच्या दिवसांतील तरुण स्त्रिया त्याच आजाराने दगावू लागल्या, तेव्हा अतिशोषक टॅम्पॉनशी त्याचा संबंध उघड झाला. प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीने आपला ‘रिलाय’ टॅम्पॉन त्या सप्टेंबरात बाजारातून काढून घेतला. ‘रिलाय’ म्हणजे विसंबा!

आज सल्ला दिला जातो तो असा: स्रावाला पुरेल इतक्याच कमी शोषकतेचा टॅम्पॉन घ्यावा, चार ते आठ तासांत बदलावा, आणि वापरात असताना एकाएकी ताप, उलट्या, चक्कर वा अंगावर पुरळ आल्यास तो काढून तत्काळ डॉक्टर गाठावा. शोषकतेच्या श्रेणी सर्व कंपन्यांनी एकाच मापाने वेष्टनावर छापाव्यात, हा अमेरिकन नियम निघाला 1989 साली. हास यांच्या पेटंटनंतर 56 वर्षांनी.