पाबळ: आधी हात, मग पुस्तक

मी बीटेक झालो, पण सोल्डरिंग गन पहिल्यांदा हातात धरली ती कॉलेजात. लहानपणी इंदापुरात रेडिओ खोलला की ओरडाच बसायचा. आणि आपल्याच जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या पाबळला, डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ सालीच विज्ञान आश्रम सुरू केला होता! शाळा अर्धवट सोडलेली पोरं तिथं वेल्डिंग, वायरिंग करत करत विज्ञान शिकायची. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या साथीनं तिथं फॅब लॅब आली. डिझाइन कॉम्प्युटरवर करायचं, पार्ट मशीनवर कापायचे, सर्किट स्वतः जोडायचं. शिक्षणाचा क्रमच उलटा: आधी हात, मग पुस्तक. म्हणून बारामतीकरांनो, इंदापूरकरांनो, पोरांना किट आणून द्याच. पण एखादा एलईडी जळाला तर ओरडू नका. शिकणं तिथूनच सुरू होतं.