म्राविन्स्कींच्या ध्वनिमुद्रिका आणि एक नाकारलेली सिंफनी

कंडक्टर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर खाकी कपड्यातला, तिकिटांची पेटी अडकवलेला एसटीचा माणूस येतो. आज ज्यांच्याविषयी लिहितो आहे तेही कंडक्टरच, पण वाद्यवृंदाचे. समोर शंभरेक वादक बसलेले आणि हातात काडी घेऊन हा एकटा माणूस उभा. स्वतः एकही वाद्य वाजवत नाही. आपल्या कानांना हा प्रकार चमत्कारिक वाटतो. आपल्याकडे गाणारा आपला राग तिथल्या तिथे, स्वतःच घडवतो. युरोपात एकाने लिहून ठेवायचे आणि दुसऱ्याने ते वाजवून घ्यायचे. हा वाजवून घेणारा नेमके काय करतो, हे मला कितीतरी वर्षे उमगत नव्हते. येवगेनी म्राविन्स्की यांनी वाजवून घेतलेला चायकोव्हस्की ऐकला तेव्हा थोडेफार उमगले. (संगीत जायज की नाजायज हा वाद आज नको. तो ज्यांना घालायचा आहे त्यांच्याशी मी सवडीने घालीन.)

१९६० साली लेनिनग्राड फिलहार्मोनिक हा वाद्यवृंद पश्चिम युरोपच्या दौऱ्यावर होता. त्या दौऱ्यात डॉइच ग्रामोफोन या जर्मन कंपनीने चायकोव्हस्कीच्या शेवटच्या तीन सिंफनी म्राविन्स्कींच्या हाताखाली ध्वनिमुद्रित केल्या. चौथी सप्टेंबरात लंडनमधल्या वेम्बली टाऊन हॉलमध्ये, पाचवी आणि सहावी नोव्हेंबरात व्हिएन्नाच्या म्युझिकफेराइन सभागृहात. त्याआधी १९५६ मध्येही पाचवी आणि सहावी त्यांनी याच कंपनीसाठी केली होती, पण ती मोनो ध्वनीतली. १९६० च्या तबकड्या स्टिरिओ आहेत, आणि तेव्हापासून आजतागायत त्या बाजारातून कधी हटलेल्या नाहीत.

या तबकड्यांत असे काय आहे? चायकोव्हस्की हा रडवा संगीतकार, अशी एक समजूत आहे. पुष्कळ संचालक त्याला साखरेच्या पाकात बुडवून वाढतात. म्राविन्स्की पाक काढून टाकतात. वेग भलताच, पण एकही सूर चुरगळत नाही. पन्नास-साठ तंतुवाद्ये एका दमात धावतात आणि एका दमात थांबतात. त्यांच्या वाद्यवृंदाची बैठकही जुन्या पद्धतीची होती: पहिली व्हायोलिने डावीकडे, दुसरी उजवीकडे. त्यामुळे एका बाजूने निघालेला सवाल दुसऱ्या बाजूने जवाब होऊन येतो. हे स्टिरिओवर फार छान ऐकू येते. शक्य असेल तर हेडफोन लावूनच ऐका. हॉर्न या वाद्याच्या सुरात तिथे एक कंप असतो, जवळजवळ माणसाच्या गळ्यासारखा. पश्चिमेकडच्या वाद्यवृंदांत तो सहसा आढळत नाही.

सहावीचे वेगळे सांगायला हवे. तिचा तिसरा भाग म्हणजे धडाकेबाज कूच. तो संपताच सिंफनी संपली असे वाटून लोक टाळ्या वाजवतात, आणि मग खरा शेवट सुरू होतो: संथ, खाली खाली जाणारा, शेवटी फक्त जाड तारांची घरघर. चायकोव्हस्कीने स्वतः ही सिंफनी १८९३ च्या ऑक्टोबरात सादर केली आणि नऊ दिवसांनी तो वारला. म्राविन्स्कींच्या ध्वनिमुद्रिकेत त्या शेवटाला अश्रू नाहीत. शंभर माणसे इतक्या हळू वाजवू शकतात यावर प्रथम विश्वासच बसत नाही.

यामागे रियाज होता, आणि तो छळ म्हणावा इतका. वाद्यवृंदाने वर्षानुवर्षे वाजवलेली रचना असली तरी प्रत्येक मैफलीआधी नव्याने तालमी, एकेक ओळ सुटी करून. एक किस्सा नेहमी सांगतात. ब्रुकनरच्या सातव्या सिंफनीची शेवटची तालीम इतकी उत्तम झाली की म्राविन्स्कींनी मैफलच रद्द केली. पुन्हा असे होणार नाही म्हणाले. खरे-खोटे त्यांचे त्यांना ठाऊक, पण त्यांच्याविषयी असा किस्सा चालतो यातच माणूस कळतो. पुढच्या काळातल्या त्यांच्या बहुतेक ध्वनिमुद्रिका स्टुडिओतल्या नसून मैफलीतच टिपलेल्या आहेत. त्यांत लोकांचा खोकला ऐकू येतो. १९६५ च्या फेब्रुवारीत मॉस्कोत वाजवलेली ग्लिंकाची 'रुस्लान आणि ल्युदमिला' ऑपेराची नांदी अवघी पाच मिनिटांच्या आत संपते. वर्गातली पोरे गणवेशाची बटणे सारखी करायच्या आत तास संपावा, तशी.

म्राविन्स्कींचा जन्म १९०३ चा, सेंट पीटर्सबर्गच्या सरदार घराण्यातला. आत्या येवगेनिया म्राविना मारिन्स्की नाट्यगृहातली नावाजलेली गायिका. वडिलांची सावत्र बहीण म्हणजे अलेक्सांद्रा कोलोन्ताय, क्रांतीच्या सरकारातली गाजलेली मंत्री. म्हणजे घर जुन्या राजवटीचे आणि एक नाते नव्या राजवटीचे. क्रांतीनंतर हलाखी आली. तरुण येवगेनी मारिन्स्कीच्या रंगमंचावर मूक भूमिका करून पोट भरत होता. पुढे संगीतशाळा, बॅले, आणि १९३८ साली अखिल सोव्हिएत संचालक स्पर्धेत पहिला क्रमांक. त्याच वर्षी लेनिनग्राड फिलहार्मोनिकची सूत्रे त्यांच्याकडे आली आणि १९८८ च्या जानेवारीत मृत्यूपर्यंत त्यांच्याकडेच राहिली. पन्नास वर्षे! स्टालिन गेला, ख्रुश्चेव्ह गेला, ब्रेझनेव्ह गेला. हा माणूस त्याच पांढऱ्या खांबांच्या सभागृहात उभा. ते कम्युनिस्ट पक्षाचे सभासद कधी झाले नाहीत. देव मानत होते, आणि नास्तिक राजवटीत ते मनात ठेवून जगत होते. हे वाचताना मला त्यांच्याविषयी जवळीक वाटली हे कबूल करतो.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो.

दिमित्री शोस्ताकोविच म्राविन्स्कींहून तीन वर्षांनी लहान. १९३६ च्या जानेवारीत 'प्रावदा'ने त्यांच्या ऑपेरावर अग्रलेख लिहून झोड उठवली. त्या दिवसांत अशा अग्रलेखाचा अर्थ काय होता हे वेगळे सांगायला नको. लोक रात्रीतून नाहीसे होत होते. त्यांनी चौथी सिंफनी तालमी चालू असतानाच मागे घेतली. पाचवी लिहिली, ती २१ नोव्हेंबर १९३७ ला लेनिनग्राडमध्ये वाजली, आणि ती वाजवून घेणारा होता चौतीस वर्षांचा, फारसा कुणाला ठाऊक नसलेला म्राविन्स्की. टाळ्या अर्धा तास थांबल्या नाहीत. म्राविन्स्कींनी सिंफनीची संहिता दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून धरली, असे सांगतात. ज्या संगीतकाराच्या सावलीलाही लोक उभे राहत नव्हते, त्याची वही अशी डोक्यावर धरायची! त्या दिवशी त्या माणसाने हिंमत दाखवली याविषयी मला शंका नाही.

पुढे सहावी, आठवी, नववी, दहावी, बारावी, सगळ्यांचे पहिले प्रयोग म्राविन्स्कींनीच केले. आठवी तर शोस्ताकोविच यांनी त्यांनाच अर्पण केली आहे. ती १९४३ ची, ऐन महायुद्धातली. लेनिनग्राडला वेढा पडलेला. फिलहार्मोनिकला सैबेरियात नोव्होसिबिर्स्कला हलवलेले. आठवीचा तिसरा भाग ऐकताना एखादे यंत्र माणसे भरडत चालले आहे असे वाटते, आणि शेवटी विजय वगैरे काही नाही, नुसती दमलेली शांतता. सरकारला हवी होती जयघोषाची सिंफनी. १९४८ मध्ये शोस्ताकोविच यांच्यावर पुन्हा जाहीर हल्ला झाला तेव्हा आठवी कार्यक्रमांतून वर्षानुवर्षे गायब झाली. चायकोव्हस्कीची चौथी वेम्बलीत ध्वनिमुद्रित झाली, त्याच सप्टेंबर १९६० मध्ये म्राविन्स्कींनी लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये आठवी वाजवली. शोस्ताकोविच समोर बसले होते. त्या रात्रीचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. १९८२ चे लेनिनग्राडचे अधिक प्रसिद्ध, पण फिलिप्स कंपनीच्या सीडीवर ते मूळ सुरापेक्षा चढ्या पट्टीत निघाले आहे, तेव्हा जपून घ्या.

युद्धाच्या त्याच काळात, मे १९४४ मध्ये, क्रिमियातल्या समस्त तातार मुसलमानांवर गद्दारीचा शिक्का मारून त्यांना दोन-तीन दिवसांत मालगाड्यांत कोंबण्यात आले आणि मुख्यतः उझबेकिस्तानात नेऊन टाकण्यात आले. दीड लाखाहून अधिक माणसे. बायका, म्हातारे, लाल सैन्यात लढणाऱ्यांची लेकरे. आठवी ऐकताना मी त्या मालगाड्या त्या सुरांत घालून पाहतो. बसतात. शब्द नसलेल्या संगीताची हीच सोय आहे: कुणीही आपले दुःख त्यात ठेवावे. पण सोय ती सोयच. सरकारी पेटीत बसलेला अधिकारीही त्यात आपल्याला हवे ते ठेवू शकत होता.

मग १९६२ आले. कीव्हजवळच्या बाबी यार या दरीत २९ आणि ३० सप्टेंबर १९४१ या दोन दिवसांत नाझींनी ३३,७७१ ज्यूंना गोळ्या घातल्या होत्या. आकडा मारणाऱ्यांच्याच अहवालातला आहे. युद्धानंतर सोव्हिएत सरकारने तिथे स्मारक उभारले नाही. मेलेले 'सोव्हिएत नागरिक' होते, एवढेच म्हणायचे. ज्यू हा शब्द नको. १९६१ मध्ये येवतुशेन्को या तरुण रशियन कवीने त्या दरीवर कविता छापली आणि ज्यूद्वेष आपल्या रशियन समाजातही आहे असे त्यात स्पष्ट म्हटले. शोस्ताकोविच यांनी ती कविता आणि त्याच कवीच्या आणखी काही घेऊन तेरावी सिंफनी रचली. खर्जाचा एक गायक, पुरुषांचा गायकवृंद आणि वाद्यवृंद. या वेळी शब्द होते, आणि शब्दांत मेलेल्यांचे नाव होते.

संहिता साहजिकच म्राविन्स्कींकडे गेली. त्यांनी ती केली नाही.

कारणे निरनिराळी सांगितली जातात. गायकवृंदाच्या रचना त्यांना नको असत. घरात आजारपण होते. वरून दडपण होते, त्यांना पद सांभाळायचे होते. ज्यूद्वेष हे कारण मला पटत नाही. हिटलरच्या जर्मनीतून पळून आलेले ज्यू संचालक कुर्ट सांडर्लिंग १९४२ पासून १९६० पर्यंत त्यांच्याच वाद्यवृंदात त्यांचे सहकारी होते. त्यांना ज्यूंचे वावडे नव्हते. ज्यूंचे नाव मोठ्याने घेणाऱ्या संहितेसमोर उभे राहणे मात्र त्यांना जमले नाही.

तेरावी शेवटी किरील कोंद्राशिन यांनी १८ डिसेंबर १९६२ ला मॉस्कोत केली. आधी ठरलेला गायक मागे हटला, दुसराही ऐनवेळी येऊ शकला नाही, तेव्हा तिसरा, वितालि ग्रोमादस्की, उभा राहिला. प्रयोगाच्या दिवशी कोंद्राशिन यांना मंत्र्यांचा फोन आला: तब्येत बरी आहे ना, आज संचालन करायला काही अडचण तर नाही? त्यांनी सांगितले, बरी आहे. सरकारी पेटी रिकामी होती. कार्यक्रमपत्रिकेत कविता छापू दिल्या नाहीत. पुढे येवतुशेन्को यांना ओळी बदलाव्या लागल्या: तिथे ज्यूंबरोबर रशियन आणि युक्रेनीही पुरलेले आहेत, अशा अर्थाच्या. त्या डिसेंबरातल्या मैफलीचे ध्वनिमुद्रण आज मिळते. आवाज खरखरीत आहे, गायकवृंद कधी कधी मागे पडतो. म्राविन्स्कींनी असले ध्वनिमुद्रण बाहेर जाऊ दिले नसते.

मी ते ऐकतो तेव्हा आपल्याकडच्या शोकसभा आठवतात. दंगलीनंतर चौकात मेणबत्त्या लावतात, 'सर्व निरपराध नागरिकांना श्रद्धांजली' असा फलक असतो. तिथे उभी असलेली माणसे भली असतात, काही तर जिवाला जीव देणारी. पण मेलेला आपल्या नावामुळे मेला, हे त्या फलकावर येत नाही. कधी मी स्वतः त्या फलकाखाली उभा राहिलो आहे आणि मजकूर बदला असे म्हणालेलो नाही. आणि आपल्या मोहल्ल्यातले काय? दुसऱ्याच्या मेलेल्यांचे नाव घ्यायची वेळ आली की आपलीही जीभ अशीच जड होते. म्हणून म्राविन्स्कींवर दगड उचलताना माझा हात अडतो. उचलत नाही असे मात्र नाही. १९३७ मध्ये वही डोक्यावर धरणाऱ्या माणसाकडून १९६२ मध्ये मला जास्त हवे होते. १९३७ मध्ये हरवण्यासारखे त्यांच्याकडे फार थोडे होते; १९६२ मध्ये एक अख्खा वाद्यवृंद होता, चोवीस वर्षे घासून घडवलेला. घडवलेल्या वस्तूची भीती माणसाला जास्त वाटत असावी. शाळा चालवणाऱ्या, संस्था उभ्या करणाऱ्या आपल्या लोकांना हे ऐकून आपलेच कुणी आठवेल.

शोस्ताकोविच दुखावले. पुढची चौदावी त्यांनी रुदोल्फ बार्शाय यांना दिली, पंधरावी आपल्या मुलाला, माक्सिमला. पंधरावीचा पहिला प्रयोग जानेवारी १९७२ मध्ये मॉस्कोत झाला आणि काही महिन्यांनी लेनिनग्राडमध्ये ती म्राविन्स्कींनी केली. तिच्यात शब्द नाहीत.

शोस्ताकोविच ऑगस्ट १९७५ मध्ये वारले. बाबी यारला १९७६ मध्ये एकदाचे स्मारक झाले, त्यावर 'सोव्हिएत नागरिक' होते, ज्यू नव्हते. त्याच १९७६ च्या मे महिन्यात म्राविन्स्कींनी लेनिनग्राडच्या त्याच पांढऱ्या सभागृहात पंधरावी पुन्हा वाजवली. ते ध्वनिमुद्रण मेलोदिया कंपनीने काढले आहे. शेवटी तारांचा एकच लांब सूर धरून ठेवलेला आणि त्यावर तालवाद्यांची टिकटिक चाललेली, रिकाम्या घरात घड्याळ चालावे तशी. फार सुंदर वाजवले आहे. लोकांचा खोकला ऐकू येतो.