ताप हाताने कळतो का? घरच्या घरी एक प्रयोग
लेकराच्या कपाळाला हात लावून "ताप नाही" असं आपण सहज म्हणतो. पण हात फसतो. मुलांना हे दाखवायला तीन वाडगे घ्या. एकात फ्रिजचं थंड पाणी, दुसऱ्यात साधं, तिसऱ्यात सोसवेल इतकं गरम. आधी मोठ्यांनी हात घालून पाहावं. मुलाचा एक हात थंड, दुसरा गरम पाण्यात मिनिटभर ठेवा. मग दोन्ही साध्या पाण्यात. एक हात म्हणतो गरम, दुसरा म्हणतो गार! पाणी मात्र एकच.

म्हणूनच गॅसजवळून उठलेल्या अम्मीच्या गरम हाताला ताप जाणवत नाही. थर्मामीटर लावा. ३८ अंश सेल्सिअस (१००.४ फॅरेनहाइट) किंवा जास्त म्हणजे ताप. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल तर लगेच डॉक्टर गाठा.